अहवालावर सही माझी

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज शाळा भरली. पटावर एक्केचाळीस, हजर तेवीस. बाकीची अठरा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, ती आता मार्चमध्येच तोंड दाखवतील. दरवर्षीचंच आहे. पहिली-दुसरी स्नेहल मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. या दिवसांत दोघांची मुलं मिळून एक धड वर्ग होतो.

साडेअकराला वस्तीवरच्या लंकाबाई आल्या. नातीला, आरतीला, मनगट घट्ट धरून आणलं होतं. पोरगी नऊ वर्षांची. मुलगा बिभीषण आणि सून पूजा टोळीबरोबर गेलेत. आजवर आरतीही त्यांच्याबरोबरच जायची, म्हणून शाळेत नाव कधी लागलंच नाही. मागच्या साली ती उसाच्या फडात शिरली आणि दिवसभर सापडली नाही. यंदा हिला आणू नका, असं मुकादमाने सांगितलं.

"बोलत न्हाई गुरुजी ती," लंकाबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय समदं, पर तोंडातनं शबूद न्हाई. तुमी काय बी करा, पर हिला बोलती करा."

बघू, म्हणालो. मनात मात्र तेव्हाच हो म्हणून टाकलं होतं. एकोणीस वर्षांत वाचता न येणारं मूल माझ्या वर्गातून पुढे गेलेलं नाही. तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार काही उगाच मिळाला नाही. माझा वर्ग पार डांबरी रस्त्यावर ऐकू जातो, असं तिसगावच्या बाजाराला जाणारी माणसं सांगतात. होळीच्या आत ही 'आई' म्हणेल, असं मी स्नेहल मॅडमना सांगून ठेवलं. त्या हसल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर

पाच दिवस झाले. रोज मधल्या सुट्टीत तिला समोर बसवतो, आरसा धरतो, 'आ' करून दाखवतो, चॉकलेट दाखवतो. ती आरशात बघत नाही, माझ्याकडेही नाही. हातात उसाच्या पाचटाची एक पट्टी असते, ती कानाजवळ सारखी फडफडवते. आज पट्टी काढून घेतली तर भिंतीवर डोकं आपटू लागली. परत दिली. चॉकलेट चौथीच्या एकाने खाल्लं.

पित्त वाढलंय. एका जागी बसवत नाही.

१९ नोव्हेंबर

रस्त्याचं काम चालू झालंय. मुरमाचा ट्रॅक्टर दिवसातून दोन-तीनदा शाळेवरून जातो. आवाज आला की आरती उठते, पोरांच्या वह्या तुडवत फाटकाकडे पळते आणि गज धरून उभी राहते. ट्रॅक्टर पुढे गेला की किंचाळायला लागते. अर्धा अर्धा तास थांबत नाही.

मोठा आवाज अशा मुलांना सहन होत नाही, हे मी कुठेतरी वाचलंय. म्हणून आज घरघर ऐकू आल्याबरोबर दारच लावून घेतलं. तिने दाराला लाथा घातल्या. स्नेहल मॅडम म्हणाल्या, आवाजाची भीती असेल तर ती आवाजाकडे का पळते? म्हटलं, भ्यालेलं जनावर कुठेही पळतं.

हा शब्द बरा नव्हता. बोलून गेलो खरा.

२४ नोव्हेंबर

भिंतीवरचा हजेरीफलक ही माझी कल्पना. प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी खिळ्याला अडकवलेली. मूल आलं की आपली पट्टी 'घरी'कडून काढून 'शाळेत'कडे लावतं. शिक्षणाधिकाऱ्यांनी मागे त्याचा फोटो काढून नेला होता.

आज आरतीने त्याची वाट लावली. तापामुळे चार मुलं आली नव्हती, म्हणून 'घरी'कडे बावीस पट्ट्या होत्या. त्यातल्या अठरा तिने उपसून दाराबाहेर, पायरीवर ढीग घालून ठेवल्या. चार तशाच राहिल्या, बहुधा तेवढ्यात मी ओरडलो म्हणून. सगळं परत लावण्यात अर्धा तास गेला. या मुलीपायी तेवीस मुलांचा अभ्यास बुडतोय, हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

२ डिसेंबर

केंद्रप्रमुख आले होते. फेब्रुवारीत वाचन चाचणी आहे. प्रत्येक मुलाने मोठ्याने उतारा वाचायचा, मोबाईलवर ते नोंदवायचं. शंभर टक्के आलेल्या शाळांची यादी लागणार. साहेबांनी आरतीकडे पाहून विचारलं, हिचं काय करणार? एका शून्याने शाळा खाली येईल.

मग त्यांनीच उपाय सांगितला. जानेवारीत नगरला दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर आहे. तिथे शाळेचा अहवाल लागतो. प्रमाणपत्र मिळालं की निवासी विशेष शाळेत पाठवता येईल, पटावरून नावही कमी होईल. तिचंही भलं, आपलंही, असं म्हणाले. मलाही पटलं. आम्ही खुर्च्यांवर बसून अर्धा तास हेच बोलत होतो. आरती शेजारीच पाचट फडफडवत होती. मध्येच उठून ती माझ्या खुर्चीमागे जाऊन बसली, तोंड भिंतीकडे करून. साहेब म्हणाले, बघा, काही गंध आहे का हिला?

९ डिसेंबर

अहवाल लिहिला. मजकूर साहेबांनी फोनवर सांगितला, अक्षर आणि सही माझी. 'सदर विद्यार्थिनीस समज नाही. वाचा नाही. सामान्य शाळेत शिकवण्याचा उपयोग होणार नाही. निवासी विशेष शाळेत पाठवण्याची शिफारस करीत आहे.'

पालकांच्या रकान्यात लंकाबाईंचा अंगठा घेतला. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं मारत्याल का हिला?" नाही, म्हणालो. मी ती शाळा पाहिलेली नाही.

मोकळं वाटायला हवं होतं. घरी आल्यावर अंगणात फेऱ्या मारत राहिलो. बायको म्हणाली, बसा की जरा. बसलो, आणि पुन्हा उठलो.

१२ डिसेंबर

पाथर्डीला प्रशिक्षण, स्नेहल मॅडम आणि मी दोघंही. विषय न्यूरोडायव्हर्सिटी. प्रशिक्षक बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'मेंदूंचं वेगळेपण'. ज्याची घडण वेगळी त्याला बिघडलेला म्हणू नका, असा सगळा सूर. मागच्या रांगेत आम्ही जांभया देत होतो.

दुपारी त्यांनी एका पाहुण्याला बोलावलं. अमृत नावाचा नगरचा तरुण, पंचविशीचा. जन्मापासून बोलत नाही. मांडीवर टॅब घेऊन, पुढेमागे डुलत, एका बोटाने अक्षरं दाबतो. लिहिलेलं मागच्या पडद्यावर दिसतं. आई शेजारी होती, पण हात लावत नव्हती. बाई म्हणाल्या, विचारा त्याला.

कुणीच उठेना, म्हणून मी उठलो. असं मूल वर्गात असेल तर शिक्षकाने नक्की काय करायचं, असं विचारलं. प्रश्न चांगला होता, लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अमृतने मान खाली घातली. टॅबवरून बोट फिरवलं, थांबला, हात झटकला, पुन्हा डुलू लागला. एक मिनिट गेलं. दोन गेली. पडद्यावर एकच अक्षर. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मला ते बघवेना. त्या पोराला उगाच अवघडल्यासारखं होतंय असं वाटलं, आणि बाहेर चहाही आला होता. मी निघालो. परत आलो तेव्हा दुसरंच सत्र सुरू झालं होतं.

१५ डिसेंबर, सोमवार

आरतीने पुन्हा पट्ट्या काढल्या. पुन्हा दाराबाहेर ढीग. मी आवाज चढवणार एवढ्यात स्नेहल मॅडम पायरीवर बसल्या आणि एकेक पट्टी वाचू लागल्या. सगळ्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, "वाल्मिक सर, ही सगळी ऊसतोडीला गेलेली मुलं आहेत."

मी मोजल्या. अठरा. आजची तीन गैरहजर मुलं, जी घरीच आहेत, त्यांच्या पट्ट्या फलकावर जशाच्या तशा. आरतीचे आईवडील गेलेत, पण ती स्वतः इथे आहे, तर तिचीही पट्टी जागेवरच. आणि आता आठवलं, मागच्या वेळी जी चार राहिली होती, ती तापाची चार होती.

टोळीत ही मुलं दरवर्षी तिच्याबरोबर असतात, तेव्हा गेलं कोण हे तिला ठाऊक असणारच. पण कोणत्या पट्टीवर कुणाचं नाव, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

मी ओरडलो म्हणून चार राहिल्या, असं मी इथेच लिहिलंय. मागे जाऊन वाचलं. शाई माझीच.

१७ डिसेंबर

दोन दिवस पाय जमिनीवर नव्हते. न बोलणारी मुलगी वाचते. हे सगळ्यांना दाखवायचं, एवढंच डोक्यात. काल साहेबांना फोन केला, आज ते आले. चौथीच्या पोरांना मागे बसवलं, स्नेहल मॅडमच्या हातात चित्रीकरणासाठी मोबाईल दिला. मी आरतीपुढे चार पट्ट्या मांडल्या आणि म्हणालो, दाखव, 'ओम' कुठे आहे? दाखव, बाळ. हे बघ, इकडे. ओम कोणता? दाखव की.

तिने पट्ट्या उधळल्या. मी गोळा करून पुन्हा मांडल्या, पुन्हा विचारलं. तिने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. दाताचे वळ उठले, रक्त आलं. मॅडमनी मोबाईल बंद केला आणि तिला बाहेर नेलं.

साहेब सभ्य माणूस. म्हणाले, गुरुजी, माया लागते, होतं असं. अहवाल पाठवलाय ना? मग झालं.

कदाचित योगायोगच असेल. तसं असेल तर बरं, असंही वाटून गेलं. अहवाल खरा ठरला की मी सुटलो. हे लिहिताना लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून काय मिळवणार?

१८ डिसेंबर

मधल्या सुट्टीत स्नेहल मॅडम म्हणाल्या, प्रशिक्षणात तुमच्या प्रश्नाला त्या मुलाने उत्तर दिलं होतं, तुम्ही बाहेर होता. त्यांनी पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. आठवडाभर दाखवावा की नाही, असं चाललं होतं म्हणे त्यांचं. आज दाखवला.

पडद्यावर लिहिलं होतं, 'सर चहा घेऊन येईपर्यंत मी थांबतो. मला थांबायची सवय आहे.'

खाली आणखी एक ओळ. 'शिक्षकांना नसते. ती लावून घ्या. आणि आमच्यासमोर आमच्याबद्दल बोलू नका, ऐकू येतं.'

मॅडम म्हणाल्या, पहिल्या ओळीला सगळे हसले, दुसरीला नाही. एवढं लिहायला त्याला अकरा मिनिटं लागली.

दुपारभर माझ्याकडून शिकवणं झालं नाही. पोरांना गणितं घातली आणि व्हरांड्यात उभा राहिलो. २ तारखेला साहेब आणि मी बोलत होतो, तेव्हा आरती उठून खुर्चीमागे गेली होती.

२२ डिसेंबर

ठरवलं. रोज दुपारच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं मुलं मैदानावर मॅडमबरोबर, वर्गात फक्त आरती आणि मी. विचारायचं नाही, दाखवायचं नाही, बोलायचं नाही.

पंधरा मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. घशात खोकल्यासारखे शब्द येतात. 'काय गं', 'इकडे ये', 'शाब्बास'. गुडघे हलायला लागतात. चौथ्या मिनिटाला उठून खडू नीट लावले. सातव्याला खिडकी उघडली. ती भिंतीच्या कडेने फेऱ्या मारत होती, मी वर्गाच्या मधून. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोघांत ठीक कोण, हे ओळखता आलं नसतं.

२४ डिसेंबर

आज नऊ मिनिटं न उठता बसलो. त्यात तिच्याकडे बघितलं. खरं म्हणजे आज पहिल्यांदाच. पाचटाची पट्टी ती सारखी एकाच चालीने फडफडवत नाही. गोंगाट झाला की जोरात, शांत झालं की हळू. वर्ग पाढे म्हणायला लागला की हाताचा पार वारा होतो. मी महिनाभर तिच्या कानाशी ओरडून 'आ' म्हणत होतो.

शेवटी ती माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसली, पाठ माझ्याकडे करून. तशीच बसून राहिली.

२९ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मी दाराशी बसलो होतो. ती समोरच्या भिंतीवरच्या बाराखडीच्या मोठ्या तक्त्याशी उभी राहिली. बराच वेळ नुसती उभी. हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. तर्जनी वरच्या ओळीत 'आ'वर टेकली. मग सरकत 'ई'वर. ती एक चक्कर मारून आली, पट्टी फडफडवली, पुन्हा तक्त्याशी गेली. 'क'. मग बोट खूप खाली, शोधत शोधत, 'धी'.

आई कधी.

माझं तोंड उघडलं. आनंदाने ओरडणारच होतो. दारात स्नेहल मॅडम केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी तोंड मिटलं.

तिची आई कधी येणार ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं.

एवढ्यात ट्रॅक्टर आला. ती धावली. आज दार लावलं नाही, तिच्यामागे फाटकापाशी गेलो. ती बघते तिकडे बघितलं. तिची नजर इंजिनावर नव्हतीच. मागच्या ट्रॉलीत रस्त्याची मजूर माणसं बसली होती, बायका डोक्याला टॉवेल बांधलेल्या, मांडीवर बोचकी. ती एकेक तोंड बघत होती. शेवटचं तोंड पुढे गेलं, आणि मग ती किंचाळली.

तिथेच खाली बसलो.

संध्याकाळी लंकाबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं, टोळी पहाटे ट्रॅक्टरमधून गेली. आरती झोपेत होती. सून सांगून जाते म्हणत होती, पण लंकाबाईंनीच नको म्हटलं, आरती लई दंगा करती म्हणून. नंतरही तिला कुणी काही बोललं नाही. "तिला काय कळतंय गुरुजी, म्हनून सांगितलंच न्हाई." मी आजचं सांगितलं तर त्या चुलीपुढे लाकडं सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूजा बी हेच सांगायची. माजं कुनी ऐकतच न्हाई म्हनायची. आमाला वाटलं, आईचं मन."

३० डिसेंबर

पूजाला फोन लावला. कोल्हापूरकडे कुठल्या तरी फडात होती, मागे कोयत्यांचे आवाज. ती दहावी शिकलेली आहे. फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, बाराखडीचा तक्ता टांगून ती रोज आरतीपुढे एकेक अक्षर बोटाने दाखवत वाचायची. आरती तक्त्यावर बोट ठेवते हे तिने तीन वर्षांपूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं. लोक हसले. मी जे दोन महिन्यांत शोधून काढलं असं मला वाटत होतं, ते तिला केव्हाचंच ठाऊक होतं, आणि दाखल्याच्या अर्जावर आईचं नाव लिहून घेण्यापलीकडे मी तिच्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

ती म्हणाली, कारखाना मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होईल. मग फोन आरतीच्या कानाला लावायला सांगितलं. काय बोलली माहीत नाही. मी लांब उभा राहिलो. आरतीचा हात थांबला होता.

नंतर कॅलेंडर दाखवून तिला सगळं सांगितलं. जसं मोठ्या माणसाला सांगतात तसं, एकदाच. आज ट्रॅक्टर आला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली, बघितलं, आणि परत आली.

२ जानेवारी

पुन्हा किंचाळली. पण थोडीच. मला वाटलं होतं आता सगळं सुरळीत होईल. आज तक्त्याजवळ फिरकलीही नाही. उद्या फिरकेल की नाही, माहीत नाही. हे माहीत नसणंच मला सहन होत नाही.

७ जानेवारी

अहवाल मागे घ्यायचा म्हणून साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, वर गेलाय. शिबिराच्या यादीत नाव आलंय, २१ तारीख. आता तुम्ही लिहून देणार की तुमचाच अहवाल खोटा होता? सही करताना काय बघत होता, असं विचारतील. पुरस्कार मिळालेला माणूस आहात.

तसाच परत आलो. येताना गाडी दोनदा थांबवली, परत फिरवायची म्हणून. फिरवली नाही. डॉक्टर तपासतील, त्यांना दिसेलच, मी कशाला मध्ये पडू, असं स्वतःला सांगत घरी आलो. पण मला तरी कुठे दिसलं होतं?

१६ जानेवारी

आज आरतीने तक्त्यावर 'पाणी' दाखवलं. 'पा', 'णी'. पाणी दिलं तर घेतलं नाही. पुन्हा 'पाणी'. अर्ध्या तासाने कळलं, बाहेरचा नळ चालू राहिला होता, टाकी वाहत होती.

स्नेहल मॅडम आता त्यांच्या मुलांनाही प्रश्न विचारून गप्प राहतात. दुसरीचा एक मुलगा, जो दीड वर्ष तोंड उघडत नव्हता, काल आपणहून उत्तर द्यायला लागला. मी म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, मी नाही, तिने शिकवलं.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळच्या एसटीने लंकाबाई, आरती आणि मी नगरला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात दीड-दोनशे माणसं. लाऊडस्पीकरवर नंबर पुकारत होते. आरतीने दोन्ही हातांनी कान झाकले. आमचा नंबर दीडला आला.

डॉक्टर तरुण होते, दमलेले. फाईल उघडली आणि शाळेचा अहवाल मोठ्याने वाचला. "सदर विद्यार्थिनीस समज नाही." वाचताना मान वर केली नाही. "शिकवण्याचा उपयोग होणार नाही."

आरतीचा हात थांबला. फोनवर आईचा आवाज ऐकताना थांबला होता, तसा. मी तिच्याकडे पाहिलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. क्षणभरच.

मी म्हणालो, "साहेब, हा अहवाल मी लिहिलाय. तो चुकीचा आहे. ती वाचते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. दाखवा म्हणाले. मी बाराखडीचा तक्ता गुंडाळून आणला होता. टेबलावर पसरला आणि मागे सरलो. मिनिटं जात होती. बाहेर नंबर पुकारले जात होते, दारातून माणसं डोकावत होती. आरती खिडकीकडे तोंड करून उभी. तिने तक्त्याकडे बघितलंही नाही.

"नाही दाखवत," डॉक्टर म्हणाले. चिडले नव्हते. "मी काय लिहू?"

"आज इथे नाही दाखवणार. इतक्या गोंगाटात मीही दाखवलं नसतं. पण मी पाहिलंय, आणि शाळेतल्या मॅडमनी पाहिलंय. तिच्या आईने तर तीन वर्षांपूर्वी पाहिलंय. न बोलता देता येते अशी तुमची एखादी चाचणी असेल तर ती करा. हे मात्र लिहू नका."

त्यांनी विचारलं, मग सही का केली? लंकाबाईंसमोर, आरतीसमोर. म्हणालो, शाळेचे आकडे चांगले दिसावेत म्हणून, आणि थांबायचा कंटाळा म्हणून.

त्यांनी अहवालावर आडवी रेघ मारली. तो चुकीचा असल्याचं शेजारी माझ्याकडून लिहून घेतलं, तारखेसह सही घेतली. मार्चअखेर पुन्हा बोलावलंय, शांत दिवशी, मानसशास्त्राच्या मॅडमकडे. आज प्रमाणपत्र नाही.

लंकाबाई रागावल्या. दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या आणि हाती कागद नाही. एसटीत आरतीला घेऊन पुढच्या बाकावर बसल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "तुमीच लिवलं, तुमीच खोडलं. आमी मदीच."

खरं आहे.

२२ जानेवारी

सकाळी साहेबांचा फोन आला. बातमी पोचली होती. लेखी खुलासा मागवलाय. देईन. शंभर टक्क्यांच्या यादीत शाळेचं नाव लागणार नाही, हेही ऐकवलं. त्यांचा आवाज चढत गेला तसा मी फोन कानापासून लांब धरला.

दुपारी मुलं मैदानावर गेली. आरती भिंतीच्या कडेने फिरत होती. मी खाली, जमिनीवर बसलो. रात्रीपासून जुळवत होतो ती वाक्यं बाजूला ठेवली.

म्हणालो, "आरती, काल डॉक्टरांनी वाचलं, ते मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. माझं चुकलं."

तिने एक फेरी पूर्ण केली. दुसरी केली. मी बसून राहिलो. मैदानावर कबड्डी चालली होती, कुणीतरी पडलं, रडलं, पुन्हा खेळायला लागलं. ती तक्त्याशी जाऊन उभी राहिली. पट्टी डाव्या हातात घेतली. उजवा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मी घड्याळ बघितलं नाही.

'मा'. 'ही'. 'त'.

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं झालं. उठायला गेलो आणि पुन्हा बसलो. तिचं बोट अजून तक्त्यावर फिरत होतं.

'हो'. 'तं'.

माहीत होतं.

काय माहीत होतं? ते मी लिहिलं होतं हे, की ते खोटं होतं हे? जीभ वळवळली. विचारलं नाही. तिने हात खाली घेतला, माझ्या समोरून दाराकडे गेली आणि पायरीवर बसून पोरांची कबड्डी बघू लागली. जरा वेळाने सरकली आणि पायरीवर एका माणसापुरती जागा केली.